सहानंतरचा उपास

वजनकाट्यावरून उतरताना कमलने चपलांकडे पाहिलं. त्या भिंतीशीच होत्या. म्हणजे नव्वद किलो आठशे ग्रॅम तिचंच होतं.

"बारा आठवड्यांपूर्वी नव्वद होतं," स्पृहा म्हणाली. परळच्या त्या हॉस्पिटलात जाड्या बायकांच्या हृदयासाठी एक योजना चालू होती, तिथली ही आहारतज्ज्ञ. वय सव्वीस, मनगट कमलच्या दोन बोटांएवढं. "साखर तीच. बीपी तेच. काकू, नक्की काय होतंय?"

काय होतंय ते कमलला पाठ होतं. थोरली बहीण अठ्ठेचाळिसाव्या वर्षी गेली, मधली सीमा एकोणपन्नासाव्या. दोघी ओट्याशी उभ्या असताना. दोघींचा गॅस शेजारणींनी बंद केला. कमलला मार्गशीर्षात पन्नास पूर्ण होणार होती. झाली तर.

"व्यायाम केलात?"

"रोज केला, मॅडम. एक मिनिट जोरात, दोन मिनिटं हळू. दहा वेळा."

हे खरं होतं. लालबागच्या चाळीत सरळ चालण्याजोगी जागा एकच, गॅलरी. आणि गॅलरीच्या टोकाला संडास. कमल जोरात निघाली की लोक बादल्या आत ओढून वाट देत. ती हळू परत आली की कुणी काही विचारत नसे. चौथ्या दिवशी शेजारच्या नलूने न सांगता दहीभात पाठवला होता.

"आणि संध्याकाळी सहानंतर खाणं बंद?"

"त्याची गॅरंटी मी देतो," बाजूच्या खुर्चीतून दत्ताराम म्हणाला. कमलचा नवरा, आज खास हाफ डे टाकून आला होता. "सहानंतर ही ताटाला बसत नाही. आम्हाला वाढते नि बाजूला होते. बारा आठवडे बघतोय ना मी."

तोही खरंच बोलत होता. खोली एकच असली तरी टीव्ही एका भिंतीला होता आणि ओटा समोरच्या.

स्पृहाने कमलची वही चाळली. चौऱ्याऐंशी दिवस, चौऱ्याऐंशी पानं, आणि प्रत्येक पानावर सहानंतरच्या रकान्यात 'काही नाही'. तिने वही मिटली.

"काकू, सहा वाजल्यापासून झोपेपर्यंत काय काय करता, ते सांगा बरं मला."

"काय करणार? स्वयंपाक. आठला सासूबाईंना नि सासऱ्यांना वाढायचं. हे नवाला येतात. मुलं मोबाइलवरून काहीबाही मागवतात, घरचं तसंच राहतं. मग आवरते नि झोपते."

"आवरते म्हणजे?"

"आवरते म्हणजे आवरते. तळाची आमटी असते, ह्यांनी टाकलेली अर्धी चपाती, मुलांचा भात. तेवढं संपवायचं नि भांडी घासायला घ्यायची."

स्पृहाने मिटलेल्या वहीवर बोट ठेवलं.

"म्हणजे खाता."

"नाही हो. ताट कुठे घेते? उभ्यानेच."

"ते टाकून द्या ना, काकू."

"अन्न?" दत्ताराम म्हणाला. इतका वेळ तो वजन वाढल्याचं शांतपणे ऐकत होता.

"बरं, फ्रिजमध्ये ठेवा. एकादशीला उरलं तर काय करता?"

"एकादशीला शिवत नाही. फ्रिजमध्येच जातं."

"एक घाससुद्धा नाही?"

"देवाचा असतो ना तो उपास."

"आणि वटपौर्णिमेला?"

"तो ह्यांचा."

"मग हा?"

"हा काय," कमल म्हणाली, घरात नेसायच्या साडीबद्दल बोलावं तशी. "हा माझाच."

स्पृहाने वहीचं पहिलं पान उघडून तिच्यासमोर सरकवलं. त्यावर एक ओळ छापलेली होती: 'मी हा उपास ________ साठी करत आहे.' मधली जागा कोरी होती.

"हे तुम्ही भरलंच नाहीत."

"ती जागा ऑफिसची असेल असं वाटलं."

"इथे 'माझ्या' लिहायचं होतं. आता लिहा. मी आणखी बारा आठवडे वाढवून मागते. पण हे शेवटचे. नाहीतर मग इन्सुलिन, आणि हृदय आत्ताच इतकं थकलंय की त्यानंतर..."

कमलने पेन घेतलं. 'मा' काढला. मग पेन तिथेच थांबलं.

"नाही जमायचं, मॅडम," ती म्हणाली. "खोटं कशाला बोलू? रात्री पातेल्यात भात दिसला की हे लिहिलेलं नाही आठवणार मला."

दत्ताराम वाईट माणूस नव्हता. त्याला सीमाचं तेरावं आठवत होतं. पंगतीत तोच वाढत होता. त्याने घसा खाकरला.

"माझ्या नावाने धर," तो म्हणाला. "तेवीस वर्षांत माझ्या नावाचा एक उपास मोडला नाहीस तू."

कमलने त्याच्याकडे पाहिलं. बारा आठवड्यांत पहिल्यांदाच तिचा चेहरा मोकळा झाला.

"हे जमेल," ती म्हणाली.

स्पृहाने काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पुन्हा एकदा काट्याचा आकडा पाहिला आणि खाली सही करून दिली. कमलने वही मांडीवर घेतली, आधीचा 'मा' गिरवून गिरवून पार दिसेनासा केला, आणि त्याच्या पुढे उरलेल्या जागेत सावकाश लिहिलं: 'ह्यांच्या'.