गिटारच्या पोटातलं नाव

"कोपर टेकू नका हं," संग्रहालयाच्या बाई म्हणाल्या. "तीनशे वर्षांची म्हातारी आहे. रुसली तर समजूत काढता यायची नाही."

काचेच्या पेटीतून काढलेली जुनी युरोपी, बरोक काळातली गिटार टेबलावर निजली होती. बारीक कंबर, तारांच्या पाच जोड्या. मधल्या भोकावरची चामड्याची जाळी कधीच गळून गेलेली. अशा गिटारी जगात बोटांवर मोजण्याइतक्याच उरलेल्या.

ती कधीकाळी दुरुस्त करणाऱ्या कारागिराच्या लेकीनं बॅटरी लावली आणि दातांच्या डॉक्टरकडे असतो तसला बारका आरसा आत सरकवला.

अंथरुणाला खिळल्यापासून बाबांनी एकच धोशा लावला होता. "माझं नाव आत आहे का, तेवढं बघून ये." ऐन उमेदीत त्यांनी ही गिटार दुरुस्त केली होती. जन्मभर दुसऱ्यांची वाद्यं जुळवली, स्वतःचं नाव कुठंच लागलं नाही. म्हाताऱ्या जिवाची एवढीच हौस, लेकीला वाटलं.

"हिची नक्कलही त्यांनीच केली होती ना?" बाईंनी विचारलं. "काय हात होता! शेजारी ठेवल्या तर जुळ्या बहिणी. फिरत्या प्रदर्शनात जळाली बिचारी. नशीब, नक्कलच होती."

"हं." लेक आरसा फिरवत राहिली. सरेस, धूळ, कोळ्याचं जाळं. नाव नव्हतं. पुन्हा पाहिलं. नव्हतंच.

दवाखान्यात बाबा जागेच होते. छातीचा भाता झालेला. डॉक्टरांनी सकाळीच हात टेकले होते.

"बघितलंस?"

"बघितलं ना."

"आहे?"

लेकीनं त्यांचं पांघरूण सारखं केलं. जाणाऱ्याला रित्या हातानं कसं पाठवायचं?

"आहे, बाबा. चांगलं ठसठशीत. बाईसुद्धा म्हणाल्या, अक्षर मोत्यासारखं आहे."

"मला बनवू नकोस, पोरी."

"तुमची शपथ."

बाबांनी डोळे मिटले. कडेनं पाणी ओघळलं. तिनं ते रुमालानं टिपलं. निवला बिचारा जीव, तिच्या मनात आलं.

त्यांचे ओठ हलले. ती वाकली.

"नाव मी नकलेतच लिहिलं होतं," ते पुटपुटले. "खरीत नाही. प्रदर्शनाच्या वेळी दोन्ही पेट्यांत भरल्या मीच... म्हणजे अदलाबदल झाली, खरी मीच पाठवली जळायला."

"नाही, बाबा! खोटं बोलले मी. नाव नाहीये तिच्यात! ऐकताय ना? नाहीये नाव!"

ऐकायला कोणी उरलं नव्हतं.