रिटेकराव

“मारून टाका त्याला,” ती म्हणाली.

लेखकाच्या हातातलं बिस्कीट चहात पडलं. “बाबांना? अहो, कुटुंबाची गोष्ट आहे. बापच नसेल तर...”

“भिंतीवर फोटो लावा. फोटो वाक्यं विसरत नाही.”

वाहिनीचा माणूस मान डोलावून मोकळा झाला. तिला नाही म्हणायची कुणाची छाती नव्हती. ती विनोदी मालिका वर्षानुवर्षं चालली ती तिच्या जोरावर. मालिकेत ती आई होती. अनोळखी बायका तिला रस्त्यात थांबवून आपापल्या सुनांच्या कागाळ्या सांगायच्या. मालिका संपली तरी लोकांची हौस फिटेना, म्हणून आता त्याच कुटुंबाचा दीड तासाचा टीव्ही चित्रपट निघणार होता. आईशिवाय तो होणारच नव्हता. बाबांशिवाय होईल, हे तिनं आत्ता ठरवलं होतं.

बाबा म्हणजे तिच्या मते अभिनयाच्या धंद्याला लागलेला डाग. ढेरपोट्या, गबाळा, सदा ओशाळं हसणारा. टेक रंगात आला की हा हमखास माती खायचा. स्वतःचं वाक्य विसरायचा ते सोडाच, कधी कधी तिचं वाक्य चालू असताना मध्येच तोंड घालायचा, भलतंच काहीतरी बरळायचा आणि मग कान पकडून सगळ्यांची माफी मागायचा. म्हणे तरुणपणी नाटकात अख्खा अंक एकटा ओढून न्यायचा. म्हणे! ‘रिटेकराव’ हे नाव तिनंच ठेवलं. ते निर्मात्यापासून दिवेवाल्यांपर्यंत सगळ्यांच्या तोंडी बसलं. त्याला सगळ्यांदेखत फैलावर घ्यायचं आणि पुढच्या टेकला आपली वाक्यं अशी खाडखाड म्हणून दाखवायची, की त्यानं मान खाली घालावी. हा तिचा रोजचा कार्यक्रम होता.

फ्रेमसाठी फोटो काढायला तो स्टुडिओत आला. आपल्याला मारलं म्हणून तक्रार नाही, रुसवा नाही. वर नवा शर्ट घालून आला होता. कणाच नाही या माणसाला, तिला वाटलं. जाता जाता तो तिच्या खोलीच्या दाराशी थांबला.

“तुमची वाक्यं फार लांब आहेत का हो?”

“आहेत. पण आता मध्ये कुणी तडमडणार नाही.”

तो हसला. “सावकाश घ्या,” म्हणाला आणि गेला.

“मला शिकवतोय!” ती आरशाला म्हणाली.

पहिल्या दिवसाचा प्रसंग तिच्या डाव्या हातचा मळ होता. सुट्टीसाठी समुद्रकाठच्या घरी आलेली मुलं जेवणाच्या टेबलाशी भांडतात. आई भिंतीवरच्या फोटोकडे वळते आणि नवऱ्याशी बोलू लागते. हसवता हसवता रडवणारं लांबलचक बोलणं. तिनं सुरुवात झकास केली आणि अर्ध्यात थांबली. पुढचं वाक्य जागेवर नव्हतंच.

“दिवा डोळ्यांवर येतोय,” ती म्हणाली. दिवा हलवला. ती पुन्हा तिथंच अडली. मग मुलीचं काम करणारी नटी काकडी कचाकचा चावत होती म्हणून काकडी काढून घेतली. मग पंख्याचा आवाज. पंखा बंद केला, सगळे घामाघूम झाले आणि ती आधीच्याहीपेक्षा लवकर अडली. कुणावर तरी खेकसायचं म्हणून तिनं समोर पाहिलं. समोर फोटो होता. फोटोवर किती खेकसणार?

तरुण दिग्दर्शक आधी “होतं असं, ताई,” म्हणाला. मग नुसतं “पुन्हा.” मग त्यानं तिच्याशी बोलणंच सोडलं आणि सहायकाला तिची वाक्यं मोठ्या अक्षरांत फळ्यावर लिहायला सांगितली. फळा सगळ्यांच्या नाकासमोरून आणला गेला. दिवेवाल्यांच्या घोळक्यातून कुणीतरी हळूच म्हणालं, “रिटेकबाई.” तिकडे खसखस पिकली.

ती तडक मेकअपच्या खोलीत गेली. मेकअप करणारी बाई मालिकेच्या पहिल्या दिवसापासून तिच्याबरोबर होती.

“मालिकेत मी कधी अशी अडले होते का गं?”

बाईनं स्पंज पिळता पिळता आठवून पाहिलं. “छे! तुमच्यावर ती वेळच यायची नाही. त्याआधी बाबा चुकायचे.”

बाईनं तिच्या कपाळाचा घाम टिपायला हात पुढे केला. तिनं तो बाजूला सारला. एकेक जागा आठवू लागली. हॉस्पिटलचा प्रसंग. लेक घर सोडून जाते तो. दर वेळी मध्येच तुटलेलं वाक्य तिचंच होतं. आणि तो मध्ये बोलला नसता, तर तिच्या तोंडून पुढे काय येणार होतं? काहीच नाही. तिनं त्याला फोन लावला.

“तुम्ही मुद्दाम चुकत होतात?”

पलीकडे तो काहीतरी खात होता. त्यानं घास गिळला. “तुमचे डोळे वाक्य शोधायला लागले की मला कळायचं,” तो म्हणाला.

“मग मला सांगायचं नाही?” ती ओरडली. आवाज तोच, सेटवरचा. “इतकी वर्षं मी तुम्हाला सगळ्यांसमोर वाट्टेल ते बोलले!”

“सांगितलं असतं तर तुम्ही घाबरला असता,” तो म्हणाला. “आणि माझ्यावर भडकलात की पुढच्या टेकला तुम्हाला सगळं आठवायचं.”