कपाटातली मेथी

कुंड्यांना बोलकं यंत्र बसवल्यापासून चौथीचा सोपा प्रयोग अवघड झाला होता. एक कुंडी उन्हात, एक आठ दिवस कपाटात. पण कपाटातली मेथी "उजेड द्या ना" म्हणत राहायची. हुशार मुलांनी यंत्राचा आवाज बंद केला आणि तिसऱ्याच दिवशी पुस्तकातलं उत्तर वहीत उतरवलं. कावेरीची कुंडी मात्र पाचव्या दिवशी खिडकीत सापडली.

"प्रयोग मोडलास की गं! शून्य देऊ?" धुमाळबाईंनी विचारलं.

"द्या, बाई. चार दिवस उजेड मागत होती. आज मागायचीच थांबली, मग मला राहवेना."

बाईंनी लाल पेन खाली ठेवलं. "किती वाजता थांबली?"

"मधल्या सुट्टीत."

"वहीत लिही ते. वर्गात दुसऱ्या कुणालाच ठाऊक नाही."