बंद विहिरीतली हवा

कंदील विझला. विहिरीच्या तोंडावर ओणवा होऊन दोरी सोडणाऱ्या रुडॉल्फला ते लख्ख दिसलं. दहाएक हात खाली जाईपर्यंत वात धड जळत होती, मग बारीक झाली आणि गेली. दुसऱ्या कुणी पाहिलं नाही. धाकटा भाऊ वॉल्टर काठावर पाठमोरा बसून पँटीचे पाय दुमडत होता. म्हातारा बाप प्लासिड लांब आंब्याखाली खाटेवर पडला होता.

"दादा, कंदील?" वॉल्टरने मान न वळवता विचारलं.

"जळतोय," रुडॉल्फ म्हणाला.

असं बोलायचं त्याने ठरवलं नव्हतं. तोंडातून गेलं खरं, आणि गेलेला शब्द गिळायला त्याची जीभ वळेना.

वटार गावात शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असतं. बंद विहिरीचा गाळ काढायला उतरायचं तर आधी पेटता कंदील खाली सोडायचा. कंदील तगला तर माणूस तगतो. विझला तर झाडाची फांदी घालून हवा ढवळायची, बादल्यांनी पाणी ओतायचं, पुन्हा कंदील सोडायचा. मागच्या वाडीतली ही विहीर तर दोन वर्षं फळ्यांखाली होती. फटींतून केळीची पानं आत पडून कुजली होती. अशा विहिरीला कंदील दाखवायचं काम वीस वर्षं रुडॉल्फचंच.

पण विचारतो कोण? पिकतं तिथं विकत नाही म्हणतात ते काय खोटं? गावाला हवा होता वॉल्टर. वॉल्टर गॅसच्या कारखान्यात नोकरीला. आठवड्याने घरी यायचा आणि रविवारी चर्चची मिस्सा सुटली की देवळाच्या आवारात त्याच्याभोवती घोळका. समुद्राच्या पोटातून नळाने गॅस येतो, सांगायचा. त्यात एक निकामी वायू मिसळलेला असतो, तो जळत नाही. तो वेगळा काढायचा, हे आमचं काम. "आपल्या विहिरीत माणूस मारतो ना, तोच तो. जड असतो, तळाला बसतो." सध्या हवेत सोडून देतात, पण अमेरिकेत म्हणे तो पुन्हा जमिनीत खोल दाबायला लागलेत. आपल्याकडेही करतील एक दिवस.

"जमिनीचं जमिनीला परत! काय डोकं रे लोकांचं," म्हणून प्लासिडने मांडीवर थाप मारली होती. जसं काही ते डोकं वॉल्टरचंच. रुडॉल्फच्या पोटात दुखायचं. हो, दुखायचंच, लपवायचं कशाला? त्याच्या केळीच्या घडांना दादरच्या बाजारात नाव होतं, पण बापाने वीस वर्षांत एकदा 'बरं पिकलंय' म्हटलं असेल तर शपथ.

आणि काल जेवताना बापाने सांगून टाकलं. "मागची वाडी विहिरीसकट वॉल्टरला. त्याला कळतं सगळं." ही विहीर रुडॉल्फने स्वतः पहार घेऊन खणली होती. हाताचे फोड अजून त्याला आठवत होते. वॉल्टरने नको म्हणायचं नाटकही केलं नाही. सकाळी उठला आणि म्हणाला, विहीर माझी होणार तर पहिला गाळ मीच काढतो.

काढ की मग.

वॉल्टरने पहिल्या पायठ्यावर पाय ठेवला. दगडी पायठे भिंतीत बसवलेले होते, एक सोडून एक, खाली पाण्यापर्यंत. दुसरा. तिसरा. आता त्याचं डोकं काठाच्या खाली गेलं. रुडॉल्फच्या हातात दोरी तशीच होती. मी काही ढकललेलं नाही, तो मनाशी म्हणाला. एवढा शहाणा ना, त्याचं त्याला कळेल. गावाला वायूचे धडे देतो तो, मी कोण सांगणारा?

चौथा पायठा. वरून वॉल्टरचा टाळूवरचा भोवरा दिसत होता. लहानपणी त्याला पोहायला शिकवताना रुडॉल्फ हाच भोवरा धरून त्याला बावखलाच्या पाण्यातून वर काढायचा.

वॉल्टर पाचव्यावर उभा राहिला. थांबला. मग एका पायाने सहावा चाचपू लागला, अगदी सावकाश.

"वर ये," रुडॉल्फ ओरडला. "वॉल्टर, वर ये, कंदील विझलाय!" त्याने पालथं पडून भावाचं मनगट पकडलं आणि ओढलं. खडबडीत काठावर त्याचं कोपर सोलून निघालं. दोघे काठावर आडवे झाले तेव्हा धापा टाकत होता तो रुडॉल्फ.

आरडाओरडा ऐकून प्लासिड काठी टेकत आला. "काय झालं रे?"

वॉल्टर उठून बसला.

"कंदील विझला होता, बाबा. दादाने पाहिलं, हाक मारली. नाहीतर आज मला पुरायला फादरला बोलवावं लागलं असतं."

म्हातारा मोठ्या मुलाकडे वळला. मग त्याने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "विहिरीतलं कळतं ते यालाच," तो म्हणाला. "मागची वाडी याच्याकडेच राहू दे, वॉल्टर. मी काल चुकलो."

"राहू दे की," वॉल्टर म्हणाला.

वीस वर्षं ज्याची वाट पाहिली ते सगळं एका दमात मिळालं. रुडॉल्फला वाटलं, जमीन पोटात घेईल तर बरं. बाप खाटेकडे वळला तसा तो हळू म्हणाला, "वॉल्टर, तू विचारलंस ना, तेव्हाच तो..."

वॉल्टर पँटीचे पाय खाली सोडत होता.

"वात विझल्याचा वास तेव्हाच आला होता मला, दादा. आता सांगशील, आता सांगशील, म्हणून एकेक पायठा उतरत होतो."