रखडलेली बस

सासूबाईंचे "कुठे पोचलीस?" असे फोन थांबावेत, म्हणून सूनबाईनेच त्यांच्या मोबाइलमध्ये बसचं अ‍ॅप टाकून दिलं. "आई, हा हिरवा ठिपका म्हणजे माझी बस. तो आपल्या कोपऱ्यावर आला की मी आलेच समजा." सासूबाईंनी मान डोलावली आणि फोन करणं खरंच सोडून दिलं.

सूनबाईला हायसं वाटलं. बँक सुटली की ती स्टॉपसमोरच्या कॅफेत खिडकीशी बसून एकटीच निवांत कॉफी प्यायची, डोळ्यांदेखत आपली बस जाऊ द्यायची आणि मागच्या बसने घरी यायची. महिनाभर हे बिनबोभाट चाललं होतं.

आजही दारात चपला काढता काढता तिने बसच्या नावाने बोटं मोडली, "मेली रोज रखडते!" आतून सासऱ्यांची हाक आली, "अगं, माझा चष्मा कुठे ठेवलास?" ही त्यांची सकाळपासूनची कितवी हाक, कुणास ठाऊक. सासूबाईंनी तिकडे दुर्लक्ष केलं, मोबाइल खाली ठेवला आणि सुनेच्या कानाशी येऊन हळूच म्हणाल्या,

 

"बस तर रोज वेळेवर येते गं. उद्या तू जिथे रखडशील ना, तिथे मलाही बोलाव."