गोलातलं स्टूल

समता कॉलनीतल्या दवाखान्यात मालकीण मॅडमनं नवा कायदा काढला: रोज सकाळी सगळ्यायनं गोल उभं राहून एकेका गोष्टीचे आभार मानायचे, मन खुश राह्यते म्हणे. बाकीचे मॅडमचेच मानून मोकळे होत. पोछा मारणारी अंजनाबाई मात्र खरे मानायची, कधी नळाच्या पाण्याचे, कधी नातीच्या हसण्याचे. तिले दिवसभर बरं वाटे. पण काल मॅडमनं तिचं बसायचं स्टूल स्टोरमध्ये टाकलं. पेशंटसमोर पोछेवाली बसलेली शोभत नाही म्हणे. आज अंजनाबाई ते स्टूल घेऊनच गोलात आली अन् मधोमध बसली. "माह्या गुडघ्यायचे आभार. वीस वर्षं फरशी पुसून राह्यले बिचारे." मॅडम खेकसली, "उठ! काम से निकाल दूँगी!" "काढा नं. पण गुडघ्यायचे आभार उभ्यानं कसे मानू?" अंजनाबाईनं रिसेप्शनवालीकडे मान वळवली. "हं, पायल बेटा, आता तुहा नंबर. सांग, कशाचे आभार?"