कारपूल लेनमधली मोजणी

२००५ च्या फेब्रुवारीत परीक्षित रोज सकाळी वाहतूक सर्वेची गाडी घेऊन अमेरिकेतल्या हर्नडनहून निघायचा. हायवेची कारपूल लेन, म्हणजे दोन किंवा जास्त माणसं असलेल्या गाड्यांसाठी राखीव लेन, किती वेगाने चालते आणि तिथे रोज तेवढाच वेळ लागतो का, हे त्याला मोजायचं होतं. सर्वेच्या गाडीला त्या लेनमधून एकट्याने जायची परवानगी होती. त्याची सहकारी आश्लेषा वाटेतल्या पुलावर उभी राहून प्रत्येक गाडीत किती माणसं आहेत ते लिहायची.

सोमवारी ऑफिसात तिने सहज विचारलं, "आज तुझ्याबरोबर कोण होतं?"

"कोणी नाही. का?"

"मी दोन लिहिलेत. शेजारच्या सीटवर एक बाई होती."

"काचेत काहीतरी चमकलं असेल, यार."

मंगळवारीही तिने दोन लिहिले. बुधवारी आभाळ इतकं गच्च होतं की काचेवर काही चमकणं शक्यच नव्हतं. तरी दोनच.

"आज ती तुझ्याकडे बघत होती," आश्लेषा हळूच म्हणाली.

गुरुवारी परीक्षितने सुट्टी घेतली. त्याच्याऐवजी गुरुनाथ नावाच्या सहकाऱ्याने गाडी नेली. साडेआठला आश्लेषाचा फोन आला.

"आज एकच. फक्त गुरुनाथ."

परीक्षितने सुटकेचा निःश्वास सोडला आणि तो स्वयंपाकघरात आला. त्याची बायको रुचा चहा गाळत होती. टेबलाशी चार वर्षांची आन्या दुधात घातलेलं सिरियल खात होती. तिने शेजारची रिकामी खुर्ची दोन्ही हातांनी मागे ओढली आणि स्वतः जरा सरकून बसली.

"आई," ती म्हणाली, "वन मोर कप. काकूला."